नळीची आतली बाजू

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं वन्संनी मुकाट्याने ऐकून घेतलं. आधी हातातलं बळ जाईल, मग बोलणं, मग गिळणं, असं ते क्रमाने सांगत गेले आणि वन्सं परीक्षेचं वेळापत्रक उतरवून घेतल्यासारख्या मान डोलावत राहिल्या. अडलं ते अगदी शेवटी, एका फुटकळ गोष्टीवर. यापुढे पेला तोंडाला लावायचा नाही, मान मागे गेली की पाणी श्वासनळीत उतरतं, तेव्हा जे प्यायचं ते स्ट्रॉने, आणि मधे वाकणारी प्लास्टिकची स्ट्रॉ असते ती सगळ्यात सोयीची, असं डॉक्टर म्हणाले. वन्संनी नकारार्थी मान हलवली.

वहिनी शेजारच्या खुर्चीत होती. तिला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण वन्संचा स्वभाव तिला अठ्ठावीस वर्षं ठाऊक होता, तेव्हा ती नुसती पिशवीचे बंद आवळत बसली.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न न केलेली, विज्ञानाची शिक्षिका, शब्दाची पक्की आणि जिभेची तिखट. आजार पुढे गेल्यावर एकटीने राहणं शक्य नव्हतं, म्हणून भावाने तिला आपल्या घरी आणलं. घरात खोल्या दोन. त्यातली खिडकीची खोली वन्संना दिली. नवरा पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचा. डोळ्यांमुळे ते काम सुटलं होतं, त्यामुळे दिवसभर बहिणीजवळ तोच असे. वहिनी मोठ्या हॉस्पिटलात कामाला होती. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेत घालून, कापडात गुंडाळून परत पाठवायची, असं तिचं खातं. नातेवाइकांत कुणी विचारलं तर वन्सं "वहिनी हॉस्पिटलमध्ये असतात" एवढंच सांगायच्या आणि विषय बदलायच्या. भांडी घासणारी भावजय म्हणायला जीभ रेटत नसावी, असं वहिनीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

प्लास्टिकच्या स्ट्रॉचं वैर मात्र जुनं होतं. शाळेतली शेवटची वीस वर्षं वन्संनी त्यावर घालवली होती. मुलांना घेऊन त्या नाल्याच्या काठी जायच्या, पोती भरून स्ट्रॉ वेचून आणायच्या आणि शाळेच्या पटांगणात ढीग घालायच्या. घरालाही त्यातून सूट नव्हती. वहिनीच्या मुलीच्या नवव्या वाढदिवसाला वहिनीने सरबताच्या ग्लासांत रंगीत स्ट्रॉ घातल्या होत्या. हौसेने, प्रत्येकाला वेगळा रंग. वन्संनी सगळ्यांना थांबवलं, स्ट्रॉ काढून टेबलावर ओळीने मांडल्या आणि मुलांना म्हणाल्या, या तुमच्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकणार आहेत, त्यांना काय सांगाल? मुलगी रडली. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर कदाचित मिटलंही असतं.

डॉक्टरांकडून परतल्यावर संध्याकाळी वहिनीने विषय काढला. वन्संचं बोलणं तोवर जड झालं होतं, पण लक्ष देऊन ऐकलं तर कळायचं.

"वीस वर्षं जे मुलांना सांगितलं," वन्सं म्हणाल्या, "ते माझ्यावर वेळ आली म्हणून खोटं नाही होत."

"वन्सं, त्या मुलांची तोंडं धडधाकट होती."

"त्यातल्या कुणाला उद्या हेच होईल. तेव्हा?"

वहिनी पिशवीतली औषधं काढून कपाटात लावायला लागली. मग वन्संच जरा थांबून म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा वापरता येईल असं काहीतरी बघू. तुम्ही धुवाल ना? तुमच्याइतकं नीट कोण धुणार. तुमचं तर कामच आहे ते."

ऐकणाऱ्याला यात काही विशेष वाटलं नसतं. पण अठ्ठावीस वर्षांत वन्संच्या तोंडून वहिनीच्या कामाबद्दल निघालेला तो पहिला शब्द होता. वहिनी धुवेन म्हणाली, आणि तो शब्द तिने पदराला गाठ मारावी तसा बांधून घेतला.

कागदाच्या स्ट्रॉ पहिल्याच दिवशी बाद झाल्या. वन्संना एक घोट गिळायला मिनिट लागायचं आणि तेवढ्यात कागदाचा लगदा व्हायचा. वर त्या एकदा वापरून फेकायच्या, म्हणजे तेही वन्संच्या हिशेबात बसत नव्हतं. मग स्टीलची आणली. दिसायला झकास, घासायला सोपी. पण चहाचा चटका ओठाला बसायच्या आधी स्टीलचा बसायचा, आणि वन्संचा जबडा मधेच आपोआप आवळला जायचा. चौथ्या दिवशी कट्ट आवाज झाला आणि पुढच्या दाताचा टवका वहिनीच्या तळहातावर आला. वन्संनी तो बघितला आणि जड जिभेने म्हणाल्या, "दूधदात समजा." दोघी हसल्या. हसताना वन्संना ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना.

बांबूची ओठांना खरखरायची आणि तिचा तंतू घशात गेला. काचेची मात्र वन्संना फार आवडली. काचेतून पाणी चढताना दिसायचं. आज कुठपर्यंत ओढता आलं हे त्या रोज बघत, आणि शिकवायची सवय सुटते थोडीच, भावाला समजावून सांगत की आपण पाणी ओढत नाही, आपण फक्त तोंडातली हवा कमी करतो, वर ढकलते ती बाहेरची हवा. "म्हणजे काम हवा करते," भाऊ म्हणायचा, "मग तू दमतेस कशाला?" पण गिळण्याचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काच बघितली आणि त्या चरकल्याच. हा जबडा काचेवर आवळला तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. त्याच दिवशी काच कपाटात गेली.

शेवटी त्याच बाईंनी सिलिकॉनच्या नळ्या सुचवल्या. रबरासारख्या मऊ, चावलं तरी दबणाऱ्या, गरम चहाने न तापणाऱ्या. चार नळ्यांचं पाकीट आलं, गडद निळ्या रंगाच्या. लांबी जास्त होती म्हणून वहिनीने त्या चार-चार बोटं आखूड केल्या. वन्संनी पहिला घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. अर्धा कप चहा वीस मिनिटांत संपला. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो उगाचच पंख्याकडे बघत राहिला.

त्यानंतरचे पाच-सहा महिने, आजारपणातले दिवस चांगले म्हणायचे असतील तर, चांगले गेले. हॉस्पिटलच्या खात्यात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिथली शिस्त तिने घरी आणली. पोकळ हत्यारं धुवायला तिथे लांब दांडीचे बारीक ब्रश असतात. तसलाच एक ब्रश तिने विकत आणला. नळी वापरली की लगेच गार पाण्यातून काढायची, मग कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, दोन्ही टोकांकडून ब्रश आरपार घालायचा, उकळायची आणि उभी टांगून वाळवायची. खात्याच्या मुख्य बाई नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या, जे आतून दिसत नाही ते धुतलं असं म्हणायचं नाही. वहिनीने तेच वाक्य नवऱ्याला ऐकवलं. त्याने मान डोलावली.

कामावरून आली की ती वन्संच्या खोलीत बसून नळ्या धुवायची. मोरीत धुता आल्या असत्या, पण तसराळं घेऊन खोलीत बसायची. वन्सं बघत असायच्या. बोलणं जवळजवळ गेलं होतं, म्हणून व्यायामाच्या बाईंनी अक्षरांचा एक तक्ता करून दिला होता. वहिनी त्यावरून बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की वन्सं डोळे मिटायच्या. शब्द असा गोळा व्हायचा, काना-मात्रेसकट. वहिनीने ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ धरलं तर वन्सं डोळे टक्क उघडे ठेवायच्या, चूक सुधारेपर्यंत. एकदा अर्धा तास खर्चून त्यांनी वाढदिवसाबद्दल विचारलं. सासरी गेलेल्या मुलीला तो दिवस आठवतो का. वहिनी म्हणाली, तिला आठवत नाही, मला आठवतो. वन्संनी डोळे मिटले. वहिनीचं बोट कुठल्याच अक्षरावर नव्हतं, तरी त्या बराच वेळ तशाच राहिल्या.

मग खात्यातल्या एका बाईचा हात मोडला आणि तिच्या पाळ्या वहिनीच्या गळ्यात पडल्या. सहा आठवडे डबल ड्यूटी. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, आणि आली की पाय उचलत नसत. नळ्या धुण्याचं काम नवऱ्याकडे गेलं. तिने त्याला सगळं करून दाखवलं. पहिला आठवडा त्याने इमानेइतबारे केलं. पुढे ब्रशचे केस झडले. नवा आणायचा राहिला, उकळणंही मागे पडलं. मग तो नळी नळाखाली धरायचा, पाणी दुसऱ्या टोकातून धो धो निघालं की स्वच्छ झाली असं समजायचा. माणूस मायेचा होता, कामचुकार नव्हता. पण डोळ्यांनी अधू होता, आणि गडद निळ्या नळीच्या आत डोळसालाही काही दिसलं नसतं.

याच दिवसांत वन्संना नुसतं पाणी गिळता येईना. पाण्यात, दुधात घट्ट होण्याची पूड घालायला सुरुवात झाली. पूड नळीच्या आत चिकटायची. वहिनी रोज घरी आल्यावर ओट्यावर ग्लासात उभ्या केलेल्या चार नळ्या बघायची. ओल्या, चकचकीत. एकदाही तिने त्यातली उचलून बघितली नाही. बघावंसं वाटलं नाही असं नाही, पण बघितलं असतं तर धुवावं लागलं असतं.

सहावा आठवडा संपता संपता वन्संना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. त्यांना हॉस्पिटलात हलवलं, वहिनी जिथे काम करायची तिथेच, दोन मजले वर. छाती कफाने भरली होती. तिसऱ्या दिवशी ताप जरा उतरला, तेव्हा व्यायामाच्या बाई येऊन बघून गेल्या. आता ओढायची ताकद कमी झाली आहे, नळी आणखी आखूड करा म्हणजे थोडं सोपं जाईल, असं त्या म्हणाल्या.

वहिनी दुपारी घरी आली. नवरा वॉर्डात बहिणीपाशी होता. तिने ओट्यावरची नळी घेतली, कात्रीने ती दोन बोटं आखूड केली आणि तुकडा फेकताना तिचं लक्ष कापलेल्या तोंडाकडे गेलं. आतून काळी कड होती. गोल, सगळीकडून. तिने बोट घातलं तर ते बुळबुळीत लागलं. मग तिने ती नळी उभी चिरली. टोकापासून टोकापर्यंत काळं, मधे मधे पुडीचा पांढरट थर. दुसरी चिरली. तिसरी. चौथी अर्धी चिरून तिने कात्री ठेवली आणि ती खाली बसली.

तिने तुकडे पिशवीत भरून कामावर नेले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिथे भिंगाखाली दिवा लावून हत्यारं तपासतात, त्या भिंगाखाली तिने एक तुकडा धरला. मुख्य बाई मागून आल्या आणि त्यांनी विचारलं, "हे कुठल्या वॉर्डातलं?"

"घरचं आहे," वहिनी म्हणाली.

मुख्य बाईंना वन्संबद्दल माहीत होतं. त्यांनी भिंगाचा दिवा बंद केला. मग त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली, स्वतः कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली आणि म्हणाल्या, हे आता कुणाला दाखवत बसू नकोस.

वॉर्डातल्या डॉक्टरांना तिने विचारलंच. नळीतल्या बुरशीने असं होऊ शकतं का. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सांगितलं की या आजारात छाती भरतेच, आज ना उद्या, कशाने भरली ते कुणी ठामपणे सांगू शकत नाही. वहिनीने आभार मानले. ठामपणे नाही सांगू शकत, म्हणजे नळीने नाही असंही सांगू शकत नाही, एवढं तिला कळत होतं.

वॉर्डात प्लास्टिकच्या स्ट्रॉ होत्या. बंदी असली तरी आजाऱ्यांसाठी ठेवायची मुभा होती. पारदर्शक, मधे वाकणाऱ्या, एकेक कागदात बंद. दुपारी नवरा जेवायला गेला तेव्हा वहिनीने त्यातली एक फोडली, पूड घातलेल्या पाण्याच्या पेल्यात घातली आणि वन्संच्या ओठांशी नेली. वन्संनी ओठ घट्ट मिटले. वहिनीने पेला खाली ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगून टाकलं. काळी कड, ब्रश, सहा आठवडे. फक्त धुतलं कुणी ते सांगितलं नाही. मी धुतल्या नाहीत, एवढंच म्हणाली. ते खोटं नव्हतं.

वन्संची नजर तक्त्याकडे गेली. वहिनीने तो उचलला आणि बोट फिरवायला लागली. च. व. पहिला शब्द झाला. मग क, ळ, त. वहिनीचं बोट थांबलं.

"चव कळत होती?"

वन्संनी डोळे मिटले.

"किती दिवस?"

पंधरा, असं आलं.

पंधरा दिवस हे तोंड बुरशीची चव घेत होतं आणि पंधरा दिवस तक्ता उशाशी होता. "मग सांगितलं का नाही, वन्सं?" ती म्हणाली. आवाज चढला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने वळून बघितलं.

पुढचं वाक्य जमायला बराच वेळ गेला. वहिनीच्या डोळ्यांपुढे अक्षरं हलत होती. तिने 'ली'ऐवजी 'लि' धरली तेव्हा वन्सं टक्क बघत राहिल्या, आणि तिने बोट दीर्घावर सरकवल्यावर मगच डोळे मिटले. वाक्य झालं ते असं होतं: तू दमली होतीस.

अठ्ठावीस वर्षं त्या तिला तुम्ही म्हणत आल्या होत्या.

वहिनी तक्ता मांडीवर ठेवून बसून राहिली. थोड्या वेळाने वन्संनी पुन्हा तक्त्याकडे बघितलं. अजून काही सांगायचं होतं. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा लांब होतं, आणि मधे दोनदा ढास लागली. सांगितलं असतं तर प्लास्टिक आणलं असतंस.

यातलं खरं कारण कुठलं, हे वहिनीला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. माया होती की हट्ट. बहुधा दोन्ही होतं, आणि कुठलं किती ते वन्संनाही माहीत नसेल. तिने पुन्हा पेला उचलला. विनवणी केली नाही. पेला नुसता धरून राहिली. तिचा हात भरून आला तेव्हा वन्संनी ओठ उघडले.

त्या प्यायल्या तेव्हा भिंतीकडे बघत होत्या. तीन घोट. पारदर्शक नळीतून पाणी अर्ध्यापर्यंत चढायचं आणि परत खाली यायचं.

नऊ दिवस त्या तशा प्यायल्या. मग गिळणं पूर्णच थांबलं आणि नाकातून नळी घातली. त्यानंतर अठरा दिवसांनी, भर दुपारी, वन्सं गेल्या. वहिनी तेव्हा दोन मजले खाली कोपरापर्यंत हात साबणाच्या पाण्यात घालून उभी होती. फोन वाजला तो तिला ऐकू आला नाही. मुख्य बाईंनी येऊन तिच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, तेव्हा तिला काय ते समजलं.

महिन्याभराने तिने खात्यात अर्ज दिला की धुण्याच्या बाजूला नको, गुंडाळण्याच्या बाजूला बसवा. कारण विचारलं तेव्हा हात दुखतो म्हणाली. मुख्य बाईंनी सही केली आणि जास्त काही विचारलं नाही.

वन्संचे जुने विद्यार्थी अधूनमधून भेटायला येत. मोठी झालेली माणसं, कुणी टक्कल पडलेली. एका रविवारी असेच तिघे आले. नवऱ्याने त्यांना चहा दिला आणि सांगायला बसला. बाईंनी शेवटपर्यंत तत्त्व सोडलं नाही, घरात होती तोवर एकही प्लास्टिकची स्ट्रॉ तोंडाला लावली नाही. "निळ्या नळ्या होत्या. त्या मी स्वतः धुवायचो, या हातांनी." तिघे कौतुकाने त्याच्या हातांकडे बघत होते. त्यातल्या एकाने डोळे पुसले. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

माणसं गेली. नवऱ्याने कप गोळा केले आणि आत ओट्यापाशी आणून ठेवले. मग तिच्याकडे पाठ असतानाच त्याने विचारलं, "त्या नळ्यांतली एखादी ठेवली असती ग. आठवण म्हणून. कुठे गेल्या?"

"हॉस्पिटलात राहिल्या," वहिनी म्हणाली.

तो थोडा वेळ कपांशी चाळा करत राहिला.

"मी नीट धुवायचो ना?"

त्याची मान जराशी वाकलेली होती. मानेवरचे केस वाढले होते, कापायला झाले होते. वहिनी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि पहिला कप उचलला.

"हो," ती म्हणाली. "नीट धुवायचात."